गाडीत पहिला पाय कुणाचा

गेल्या महिन्यात आमच्या पुतणसुनेने एक पुस्तिका आणून माझ्या हातात ठेवली. "वाचा, तुमच्या वेळचं आहे सगळं." चकचकीत कागद, पुढाऱ्यांचे फोटो, आणि आत आमच्या भागातल्या प्रवासाच्या सोयींचा इतिहास. बैलगाडी, टांगा, सर्व्हिस मोटार, मग सरकारी मोटार, सगळं ओळीने मांडलेलं. गावात पहिली सरकारी मोटार आली त्या दिवसाचाही फोटो आहे. गाडीला झेंडूच्या माळा, बॉनेटवर नारळ, बाजूला फेटेवाले उभे. मजकूर असा, की त्या दिवसापासून रस्ता सगळ्यांना मोकळा झाला.

सगळ्यांना! चष्मा काढून ठेवला आणि पुस्तिका पालथी घातली. ज्याचं जळतं त्याला कळतं. गाडी कुठल्या सालच्या बनावटीची होती, रस्ता कुणी मंजूर केला, ते सगळं बारकाईने लिहिलंय. त्या गाडीत चढायला कोणाला मिळत होतं आणि कोण खाली ताटकळत होतं, ते मात्र लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. म्हणून मी सांगते. मी खाली ताटकळणाऱ्यांपैकी आहे.

आमचं गाव बदलापूरपासून तीन कोसांवर. मी लग्न होऊन आले तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि स्टेशनला जायचं म्हणजे बैलगाडी, नाहीतर पाय. टांगे होते, पण ते स्टेशनाभोवती फिरायचे. आमच्या रस्त्याला लागायचं म्हटलं की टांगेवाला घोड्याच्या पायांकडे बोट दाखवायचा. मग बदलापूरच्या एका व्यापाऱ्याने सर्व्हिस मोटार सुरू केली. लाकडी सांगाड्याची, दोन बाजूंना दोन बाकं, मध्ये भाजीच्या पाट्या, दुधाच्या कासंड्या, कधी एखादी बकरी. पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हा ती मागे बांधलेल्या भट्टीत कोळसा जाळून चालायची. चढ आला की पुरुष उतरून ढकलायचे आणि बायका आत बसून "आता गेली मागं" म्हणून ओरडायच्या. पावसाळ्याचे चार महिने ती बंद, कारण ओढ्यावर पूल नव्हता.

ही मोटार मुक्कामाला आमच्या गावात असायची. ड्रायव्हर आमच्याच गावचा. त्यामुळे सकाळी तिचा पहिला उतारू आमच्या गावचा असायचा, आणि इथेच सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. दुकानदाराला जशी पहिल्या गिऱ्हाइकाची बोहनी, तशी मोटारीला पहिल्या पायाची. ड्रायव्हर सकाळी रेडिएटरला फूल वाहायचा, उदबत्ती ओवाळायचा, आणि मग पहिला पाय शुभ माणसाचा पडायला हवा. सवाष्ण बाई असली तर सोन्याहून पिवळं. कुमारिका चालेल. पुरुष चालेल. विधवा चालणार नाही. हा नियम कोणी केला, कधी केला, विचारू नका. मोटार येऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती आणि ही चाल मात्र पांडवांच्या काळापासून असल्यासारखी सांगत.

लग्नाच्या पाचव्या वर्षी माझा नवरा विषमज्वराने गेला. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे मोहतूर, लावायची चाल आहे. माझ्या भावाने महिन्याभरात एक बिजवर बघितलासुद्धा. वय पन्नाशीचं, घरात चार पोरं, आणि दोन म्हशी. भाऊ म्हशींचंच जास्त सांगत होता. इथे एक गंमत बघा. मला दुसरा नवरा चालत होता, गावाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पण मोटारीत माझा पहिला पाय चालत नव्हता!

मला त्या म्हशींच्या मागे जायचं नव्हतं. मी चौथी शिकलेली. त्या सुमारास कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले होते आणि तिथल्या बाळंतिणींच्या दवाखान्यात आया हव्या होत्या. बातमी सासऱ्यांनीच आणली. "जाशील का?" एवढंच म्हणाले. सासू मुळातच कमी बोलायची. मी तिला आत्या म्हणायची. काळी, उंच, हाडापेराने दणकट बाई. भाताचा भारा तिच्या डोक्यावर हलका वाटायचा.

मला नोकरी मिळाली. सकाळची मोटार पकडायची, बदलापूरला आगगाडी, अंबरनाथला उतरून त्या छावणीपर्यंत, म्हणजे कॅम्पापर्यंत, पायी. मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, आठच्या आत हजर. बाळंतपणं कोणासाठी थांबत नाहीत. ही नोकरी टिकली तर मी माझी, नाहीतर भाऊ दारात बैलगाडी जुंपून उभाच होता.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन मोटारीच्या थांब्याच्या चिंचेखाली गेले. मोटार उभी. मी फळीवर पाय ठेवणार तर ड्रायव्हर हात आडवा करून म्हणाला, "वयनी, जरा दमा. बोहनी होऊ द्या, मंग बसा."

मी दमले. कोणी आलं नाही. कापणीचे दिवस, सगळं गाव शेतावर. ड्रायव्हरने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हँडल मारलं. मी म्हटलं, "अहो, पुढच्या गावात माणसं मिळतील, तोवर मी मागे उभी राहते." तर म्हणे, "पाय तर तुमचाच पयला ना! वयनी, राग नका धरू. मालक मला ठेवायचा नाय." आणि गेला की निघून! मी तीन कोस चालत गेले, दवाखान्यात दहा वाजता पोचले आणि नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी बोलणी खाल्ली.

संध्याकाळी घरी येऊन मी चुलीपुढे रडले. रडले ते रागाने. आत्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. पण सकाळी मी निघाले तर ती कंदील घेऊन माझ्या पुढे. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातभर काकणं. मोटारीपाशी गेली, उजवा पाय फळीवर ठेवला, आत चढली, बाकाला हात लावून कपाळाला लावला, आणि खाली उतरली. ड्रायव्हरला म्हणाली, "झाली तुजी बोहनी? बसू दे आता तिला."

ड्रायव्हर खूश. लक्ष्मीच आली म्हणाला. मी चढले.

त्या दिवसापासून हा रोजचा परिपाठ झाला. आत्या चढायची, उतरायची, मी चढायची. थंडी असो, अंगात कणकण असो. मला त्याचं काय वाटायचं ते खरं सांगते. आधी बरं वाटलं, मग मी स्वतःला शहाणी समजू लागले. बघा, कशी पळवाट काढली! आणि मनातल्या मनात तिच्यावर थोडी जळायचेही. गाव तिला मान देत होतं ना, "तुझा पाय लई गुणाचा" म्हणत होतं. मला वाटायचं, तिला तो मान आवडतो, म्हणून येते. एकदाही मी तिला विचारलं नाही की आत्या, तुला कंटाळा येत नाही का?

पावसाळ्यात मोटार बंद झाली की मी कॅम्पातच राहायची. माझ्याबरोबर काम करणारी एक सिंधी बाई होती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून सहा कुटुंबं राहत, त्यातल्या तिच्या कोपऱ्यात माझी चटई. गावात त्यावरूनही तोंडं वाजलीच. त्या बाईला मी बोहनीची हकीगत सांगितली तर आधी तिला खरंच वाटेना. तिचा नवरा कॅम्पात पापड आणि बिस्किटं विकायचा, बोहनी तिला चांगली ठाऊक. कपाळावर हात मारून म्हणाली, "अरी, बोहनी पैसे से होती है, पाँव से थोड़े ही! तुम टिकट नहीं लेती क्या?"

घेत होते ना! तिकीट पुरं घेत होते. आणि ज्या हातांनी तिकीट घेत होते त्याच हातांनी दिवसभर लोकांची लेकरं उचलत होते. आईच्या पोटातून बाहेर येणाऱ्या पोराला जगातला पहिला स्पर्श माझा चालत होता. कोणी बाळंतीण म्हणाली नाही की विधवा नको, सवाष्ण आया पाठवा. आणि इकडे लाकडाच्या एका खोक्याला माझ्या पायाने विटाळ होत होता.

मग सरकारी मोटार आली. आधी वर्षभर नुसती येणार येणार चाललं होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब. ओढ्यावर फरशीचा पूल झाला, रस्त्यावर खडी पडली, खाजगी मोटारीचा परवाना गेला. मला तर दिवाळी वाटली. सरकारची गाडी! घटनेत सगळे सारखे म्हणून आमच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं होतं. सरकारच्या गाडीला बोहनी कसली? तिला ना मालक, ना मालकाचं नशीब. त्या फोटोतल्या माळा ओवायला मीही बसले होते, झेंडूची दोन टोपल्या फुलं आमच्या परसातली होती. पुस्तिकेत ते नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आत्याला उठू दिलं नाही. एकटी गेले. नवा कंडक्टर देशावरचा, खाकी कपड्यांत, गळ्यात पिशवी. मला बघून दार उघडलं आणि म्हणाला, "या बाई, बसा." मी उजवा पाय ठेवला, चढले आणि खिडकीजवळ बसले. पहिल्यांदाच मी कोणाच्या मागून चढले नव्हते. फार आनंद झाला. आतल्या पत्र्यावर नियम रंगवले होते ते सगळे वाचून काढले. थुंकू नये, विडी ओढू नये, इतकेच उतारू घ्यावेत. विधवेबद्दल अक्षर नाही.

आणि ओढ्यापलीकडे हवा जाऊन चाक बसलं. नवी खडी, टोकदार दगड, चाक बसणारच. त्या महिन्यात चार वेळा बसलं. पण पहिल्यांदा बसलं ते माझ्या दिवशी. संध्याकाळी गाडी परत यायच्या आत बातमी गावात पोचली होती. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः चिंचेखाली उभे. कंडक्टरला बाजूला घेऊन त्यांनी चाल समजावून सांगितली. चोर सोडून संन्याशाला सुळी. मी पुढे होऊन म्हटलं, "गाडी सरकारची आहे. नियम आत लिहिलेत, त्यात हे नाही."

पाटील रागावले नाहीत. उलट समजुतीच्या आवाजात म्हणाले, "पोरी, लिवलेलं सरकारचं. गाडी रातीला ऱ्हाते ती गावात. गावाचा मान नको का ठेवाया?"

कंडक्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपल्याला काय बाई, गाडी नीट चालली म्हणजे झालं. थोडं थांबा ना, काय बिघडतंय?" चार बुकं शिकलेला, सरकारचा पगार खाणारा माणूस. व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरला निदान नोकरी जायची भीती होती. याला कसलीच भीती नव्हती. माझा त्या ड्रायव्हरपेक्षा या कंडक्टरवर जास्त राग आहे, अजून आहे.

त्याच्या दुसऱ्या सकाळी आत्या पुन्हा कंदील घेऊन माझ्या पुढे चालू लागली. मला लाजही वाटली नाही. तीन वर्षं आणखी गेली.

मग सासरे गेले. बैल सोडायला गोठ्यात गेले ते तिथेच बसले, उठले नाहीत. आत्याची काकणं शेजारणींनी फोडली, कुंकू पुसलं. मी बाजूला उभी होते. माझ्या वेळी मला आत्याने धरलं होतं, ते मला आठवलं. मी तिला धरायला हवं होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आता मोटारीचं काय?

तेरा दिवस झाले. मेट्रनबाईंचा निरोप आला होता की चौदाव्या दिवशी हजर झाले नाही तर दुसरी आया घेतली जाईल. कॅम्पात कामाला बायका शंभर मिळत होत्या, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि भाऊ तेराव्याला येऊन गेला तो जाताजाता बोललाच, की तो बिजवर अजून तसाच आहे. मी सगळ्या गावात चौकशी केली. शेजारची सून सकाळच्या गाडीने माहेरी जाणार होती. सवाष्ण. तिला हातापाया पडून सांगून ठेवलं की बाई, वेळेवर ये आणि आधी तू चढ.

पहाटे मी डबा बांधून बाहेर पडले तर अंगणात आत्या. हातात कंदील. कपाळ मोकळं, हात मोकळे. नेहमीसारखी पुढे चालू लागली. मला वाटलं, सवयीने निघाली. दुःखात माणसाला भान राहत नाही. चिंचेपर्यंत मी तिच्या मागून चालले. तिथे गाडी उभी, कंडक्टर दारात, पाटलांच्या घरचा गडी, शेजारची सून आणि आणखी दोघंतिघं. आत्या थेट दाराकडे निघाली. तिने पाय उचलला.

कंडक्टर तोंड उघडण्याआधी मी बोलले. सगळ्यांच्या देखत. "आत्या, नको. तुमचा पाय आता चालायचा नाही."

माझ्या तोंडून हे गेलं. जे ऐकून मी चुलीपुढे रडले होते, ते मी तिला ऐकवलं. गावातल्या एकालाही बोलायची गरज पडली नाही, त्यांचं काम मीच केलं, आणि वर तिला "तुमचा" म्हणून मानही दिला.

तिने उचललेला पाय मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. मग कंदील वर धरला, मला पायरी नीट दिसावी म्हणून. शेजारची सून चढली, मी चढले. गाडी सुटली तेव्हा ती तिथेच होती. मी दवाखान्यात आठच्या आत पोचले. नोकरी टिकली. निवृत्त होईपर्यंत टिकली.

चार दिवसांनी विहिरीवर शेजारच्या त्या सुनेच्या सासूने मला गाठलं. म्हणाली, "काय गो, तू तुज्या सासूला अडवलीस म्हणं? अगो, आदल्या दिसाला हितंच मला बोलली होती ती. म्हनं, उद्या मीच पयला पाय ठेवते, बगू कोन अडवतो. माजा पाय पाच-सहा वरसं गोड लागला, आता काय त्याला किडे पडले का?"

घागर भरलेली होती. मी ती ओतून टाकली आणि पुन्हा भरत बसले, का ते मला माहीत नाही. ती सवयीने आली नव्हती, भांडायला आली होती. कधी न बोलणारी बाई, नवरा जाऊन पंधरवडा झाला नाही, आणि सगळ्या गावाशी माझ्यासाठी भांडायला निघाली होती. अडवणारा कोणी निघाला असता तर तिने त्याची खोड मोडलीच असती. पण अडवणारी निघाले मी.

मी घरी जाऊन तिचे पाय धरले. ती म्हणाली, "उठ, भात करपतोय." एवढंच.

पुढे ती चाल मोडली. कोणी मोडली म्हणाल तर कोणीच नाही. अंबरनाथला कारखाने वाढले, आमच्या गावची माणसं पाळीवर जाऊ लागली, चिंचेखाली पहाटे वीस-वीस जणांची झुंबड. पहिला पाय कुणाचा हे बघायला सवड कोणाला होती! गाव सुधारलं नाही, गर्दी वाढली, आणि पुस्तिकावाले त्याला प्रगती म्हणतात. पाटलांची विधवा सूनही त्या झुंबडीत कोपरं मारून चढायची.

आत्या चढली नाही. त्या सकाळनंतर ती अकरा वर्षं जगली आणि कधीही मोटारीत बसली नाही. बदलापूरच्या बाजाराला तीन कोस चालत जायची, तीन कोस चालत यायची. डोक्यावर पाटी. मी विनवलं, रागावले, एकदा तिकीट काढून हातात दिलं. ती म्हणायची, "पायाला सवय हाय."

एका उन्हाळ्यात मी बदलापूरहून परत येत होते. ओढ्याच्या अलीकडे गाडी थांबली. खिडकीतून बघते तर आत्या रस्त्याच्या कडेला, पदराने घाम पुसत. नवीन कंडक्टर पोरगेला होता, भला होता. दार उघडून खाली उतरला आणि म्हणाला, "आजी, ऊन किती आहे! चढा ना. जागा आहे भरपूर."

आत्याने मान वर करून गाडीकडे बघितलं. मी तिला खिडकीत दिसले की नाही, देव जाणे. ती रागावलेली नव्हती, टोमणाही मारत नव्हती. अगदी साध्या आवाजात, खरोखरच विचारावं तसं, तिने त्याला सांगितलं.

"माज्या सुनेला इचार, बाबा. चालंल का?"